स्पितीला जायचंय, तर गाडीवर तीन लाख खर्च करू का?

नाशिकच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे २०१८ ची डिझेल स्कॉर्पिओ आहे, मागच्या चाकांवर चालणारी, फोर बाय फोर नाही. पंधरा ऑगस्टची सुट्टी धरून १४ दिवस मिळताहेत. सोबत पत्नी आणि ११ वर्षांची मुलगी. बेत असा की नाशिकहून थेट मनाली, तिथून चंद्रताल सरोवर आणि हिमाचलमधल्या स्पितीचं मुख्य गाव काझा, मग परत मनालीकडे येऊन शिंकू ला ही खिंड ओलांडायची, झंस्कारमध्ये पदुम गाठायचं आणि लिंगशेडमार्गे लेहला उतरायचं. त्यासाठी गाडी दोन इंच उचलणं, मोठे टायर, स्नॉर्कल (इंजिनाला टपाच्या उंचीवरून हवा देणारा पाइप), विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र), टपावरचा तंबू आणि डिझेलचे कॅन असा तीन लाखांचा खर्च त्यांनी काढलाय. एवढं पुरेल का, आणखी काय लावू, असं ते विचारताहेत.

मी गॅरेज चालवतो आणि मोसमात गाड्यांचे गट घेऊन त्या बाजूला जातो. असलं सामान बसवून देणं हा माझ्याही धंद्याचा भाग आहे, तरी सांगतो की हे तीन लाख जवळजवळ सगळे वाचतील. तुमच्या बेतातली अडचण गाडीत नाहीच. ती तारखांत आहे, दिशेत आहे आणि दिवसांच्या हिशेबात आहे. या तीन गोष्टी चुकल्या तर तीस लाखांची फोर बाय फोरसुद्धा कामाची नाही. त्या जमल्या तर तुमची आहे तीच स्कॉर्पिओ पुरेल. रोज रेकाँग पिओहून काझाला हिमाचल परिवहनची बस जाते आणि काझातले लोक अल्टो चालवतात, एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मी काळजी मिटेल.

आधी दिवस मोजू. धुळे, इंदूर करत दिल्ली आणि पुढे चंदीगड, शिमला हा रस्ता सोळाशे किलोमीटरच्या वर भरतो. तुमच्या पत्नी गाडी चालवतात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. चालवणारे एकटेच असाल तर जायला तीन आणि यायला तीन दिवस धरावेच लागतात. म्हणजे डोंगरात उरले आठ. त्यातला एक राखीव, कारण या भागात एखादा दिवस दरडीपायी जातोच. सात दिवसांत स्पिती नीट होते. स्पिती, झंस्कार आणि लेह मिळून होत नाही. होईल फक्त रोज दहा-बारा तास स्टिअरिंग धरणं, आणि मुलीच्या लक्षात राहील ती मागची सीट.

झंस्कार काढून टाका असं म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. दारचाहून पदुममार्गे निम्मूला जाणारा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेला आणि तेव्हापासून गर्दीला ऊत आलाय. पण जोडला गेला म्हणजे गुळगुळीत झाला असं नाही. शिंकू ला ५,०९१ मीटरवर आहे. पदुमपुढे हा रस्ता सोडून तुम्ही धरणार तो लिंगशेडचा रस्ता सिंगे ला आणि सिसिर ला अशा दोन उंच खिंडींवरून वानलाकडे उतरतो, आणि त्यावर दिवसभरात मोजक्या गाड्या दिसतात. मी रस्ता निवडताना खड्ड्यांकडे फार बघत नाही. इथे गाडी बंद पडली तर दुसरं माणूस किती वेळात भेटेल, हे बघतो. कुंझुम खिंड ते ग्रामफू हा स्पितीहून मनालीकडे जाणारा पट्टा दिसायला भयंकर आहे, पण मोसमात तिथे दिवसभर ट्रक, टॅक्सी, बस चालू असतात आणि डोंगरातला चालक अडलेल्या गाडीला टाकून सहसा पुढे जात नाही. लिंगशेडकडचा रस्ता काही ठिकाणी याहून बरा आहे, पण तिथे तुम्ही एकटे. पहिल्या खेपेला वाईट पण वाहता रस्ता घ्यावा. बरा पण ओसाड रस्ता दुसऱ्या खेपेला, आणि तोही दोन गाड्यांनी.

आता दिशा. तुमच्या बेतात सर्वांत जास्त खटकलं ते हे. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे. तिथून सकाळी निघून तुम्ही संध्याकाळी चंद्रतालला झोपणार, म्हणजे सुमारे ४,२५० मीटरवर. एका दिवसात दोन हजार मीटरहून अधिक चढून तिथेच मुक्काम करायचा, तोही लहान मुलीला घेऊन. यातून डोकेदुखी, उलट्या तर होतातच, पण फुप्फुसात पाणी होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये उघडल्यापासून हा धोका वाढलाय असं माझं मत आहे. पूर्वी रोहतांग चढण्यातच अर्धा दिवस जायचा आणि लोक कोकसर-केलाँगला थांबायचे. आता नऊ किलोमीटर बोगद्यातून पार झालं की माणसाला वाटतं, अजून खूप वेळ आहे, जाऊ पुढे.

म्हणून आत जायचं ते शिमल्याच्या बाजूने. नारकंडा २,७०० मीटर, कल्पा २,९५० च्या आसपास, नाको ३,६००, काझा ३,७०० च्या आसपास. रोज थोडं थोडं चढतो, शरीराला सवय होते, आणि काझात दोन रात्री काढल्यावर तुम्ही कुंझुम ओलांडून चंद्रतालला मुक्काम केलात तर बहुतेकांना त्रास होत नाही. बाहेर पडायचं मनालीकडून. औषधांबद्दल मी बोलणार नाही, मुलीच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. एक गोष्ट मात्र सांगतो. उंचीचा त्रास वाढत असेल तर त्यावर खरा इलाज खाली उतरणं हाच आहे आणि तो रात्रीही करावा लागतो. त्यामुळे संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर गाडीचं तोंड रस्त्याकडे करून लावायची आणि टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही.

तारखांचं जरा अवघड आहे, कारण त्या तुमच्या हातात कितपत आहेत ते मला माहीत नाही. ऑगस्टचा मध्य हा सगळ्यांत वाईट काळ. स्पिती पर्जन्यछायेत असल्यामुळे तिथे पाऊस कमी, हे खरंच आहे. पण तिथे पोचायचे दोन्ही रस्ते भर पावसातून जातात. किन्नौरमध्ये निगुलसरीला ११ ऑगस्ट २०२१ रोजी महामार्गावर दरड कोसळून बस आणि इतर गाड्या गाडल्या गेल्या आणि २८ जण गेले. जुलै २०२३ मध्ये अतिवृष्टीने मनालीकडचा रस्ता तुटला, वर बर्फ पडला आणि चंद्रतालच्या तंबूंत अडीचशेहून जास्त पर्यटक अडकून पडले. कुंझुमवरचा बर्फ हटवून त्यांना काझाच्या बाजूने बाहेर काढावं लागलं. अशा वेळी गाडी उचलायचं लिफ्ट किट कोणत्या कंपनीचं होतं याने काही फरक पडत नाही.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा मला सर्वांत आवडतो. ओढ्यांचं पाणी उतरलेलं असतं, आकाश स्वच्छ, जव आणि वाटाण्याची शेतं पिवळी पडलेली. गणपती आटोपले की निघायचं. पण मुलीची सहामाही परीक्षा तेव्हाच असेल तर शाळा उघडण्याआधी, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जा. तेव्हा कुंझुम नुकताच उघडलेला असतो किंवा अजून बंदच असतो. मग शिमल्याकडून काझा आणि त्याच रस्त्याने परत, असाच बेत धरा. कुंझुम उघडा मिळाला तर नशीब समजा. दिवाळीच्या सुट्टीचा विचार मात्र करू नका. तोवर चंद्रतालचे तंबू उठलेले असतात आणि खिंड कधी बंद होईल याचा नेम नसतो. ऑगस्टच घ्यायचा असेल, दुसरा पर्यायच नसेल, तर या वर्षी स्पिती सोडा. पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत माळशेजकडे फिरून या. चिडून सांगत नाही, खरंच सांगतोय.

माझ्या हिशेबाने मांडणी अशी होते: तिसऱ्या रात्री चंदीगडच्या पुढे परवाणूपर्यंत, चौथ्या दिवशी नारकंडा किंवा रामपूर, मग कल्पा, मग नाको किंवा ताबो, सातव्या आणि आठव्या रात्री काझा, नववी चंद्रताल, दहावी मनाली, एक दिवस राखीव, आणि तीन दिवस घरी यायला. पिन खोरं आणि लांगझा-कोमिक-हिक्किम यातलं एकच निवडावं लागेल. दोन्हींचा हट्ट धराल तर राखीव दिवस जाईल.

आता गाडीकडे येऊ. उंचीवर गाडीचं काय होतं ते एकदा समजलं की काय लावायचं आणि काय नाही, हे आपोआप ठरतं. साडेचार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून कमी असते. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. तुमच्या गाडीला टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) आहे, त्यामुळे गाडी वेगात असताना फारसा फरक जाणवणार नाही. पण टर्बो फिरायला लागेपर्यंत, म्हणजे दीड हजार आरपीएमच्या खाली, तुमचं इंजिनही इतर इंजिनांसारखंच धापा टाकतं. चढाच्या वळणावर समोरून ट्रक आला, तुम्ही थांबलात, पुन्हा निघायला गेलात की गाडी बंद पडते. मग माणूस काय करतो? ॲक्सिलरेटर दाबून हाफ क्लचवर गाडी उचलतो. असं दिवसातून चाळीस वेळा केलं की जळका वास येतो आणि क्लच प्लेट संपते. मी त्या भागात बंद पडलेल्या ज्या गाड्या पाहिल्या त्यात इंजिन फुटलेल्या फार थोड्या. जास्त दिसतात त्या क्लच गेलेल्या, टायरची कड फाटलेल्या आणि चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला, दगड लागून ऑइल सांडलेल्या.

या तीन बिघाडांसमोर तुमची यादी ठेवून बघा. मोठे टायर लावले की चाकाचा घेर वाढतो, म्हणजे तेवढ्याच गिअरमध्ये इंजिनाला जास्त ओढावं लागतं, आणि तुमच्या गाडीला लो रेंज, म्हणजे फोर बाय फोरमध्ये असणारे जास्त ओढीचे संथ गिअर, नाहीत. म्हणजे ज्या क्लचला आधीच त्रास होणार आहे त्याला आणखी त्रास. विंच आणि ती बसवायचं लोखंडी बंपर मिळून साठ-सत्तर किलो. टपावरचा तंबू साठेक किलो, त्याची चौकट वेगळी. वर दोन डिझेलचे कॅन. तीन मोठी माणसं टपावर आणि बॉनेटपुढे बसवून डोंगर चढायचा, असा हा हिशेब आहे. टपावरच्या वजनाने गाडी वळणावर जास्त झुकते आणि शॉकअप, बुश लवकर जातात ते वेगळंच. शिवाय विंचचा हुक अडकवायला काहीतरी लागतं. कुंझुमपलीकडे बातल ते छत्रू पट्ट्यात एक झाड नाही. तिथला दगड दिसायला घर एवढा असतो, पण वाळू-गोट्यांत नुसता टेकलेला असतो, त्याला दोर बांधून गाडी ओढायच्या भानगडीत पडू नका. तुमची गाडी अडकली तर पुढची गाडी आणि चांगला पट्टा यानेच निघणार आहे.

तंबूचं तर कारणच नाही. नाकोपासून कुंझुमच्या अलीकडच्या लोसरपर्यंत गावोगाव घरगुती मुक्काम मिळतो, गरम थुक्पा (शेवयांचं सूप) आणि जाड रजया मिळतात, आणि पैसा त्या घरात जातो. चंद्रतालला सरोवराच्या काठावर तंबू ठोकायला बंदीच आहे, तंबूंचे तळ काही किलोमीटर अलीकडे आहेत.

कायद्याची बाजूही आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर स्पष्ट सांगितलंय की उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल चालणार नाही. बुल बारवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी दांड्यांवर, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाई करायला सांगितलं होतं. रस्त्यावर पोलीस रोज पकडतात असं मी म्हणत नाही. पण अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसाने उचललेली गाडी, बदललेले टायर बघितले की त्याला नाही म्हणायला कारण मिळतं. घरापासून दोन हजार किलोमीटरवर ही चर्चा करायची वेळ येऊ नये.

मग खर्च कशावर करायचा? पहिला टायरांवर. कंपनीने दिलेल्याच मापाचे, पण कड जाड असलेले ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे, घ्या. चिखलासाठीचे मड-टेरेन नको, नाशिक ते चंदीगड त्यांचा आवाज ऐकून वेडे व्हाल आणि ओल्या डांबरावर ते घसरतात. पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी, त्याच मापाची आणि त्याच दर्जाची हवी. कुंझुमच्या दोन्ही बाजूंना धारदार दगड टायरची कड कापतात, आणि कडेचा काप पंक्चरच्या काडीने भरत नाही. तळव्यातलं पंक्चर मात्र भरता येतं, ते घरी एकदा स्वतः करून बघा. बारा व्होल्टचा हवेचा पंप आणि मीटर घ्या. खडकाळ पट्ट्यात हवा २६-२८ पीएसआयपर्यंत उतरवली आणि वेग वीस-पंचवीसच्या आत ठेवला तर टायर दगडाभोवती वाकतो, कापला जात नाही. मुलीची मानही कमी हलते. डांबर लागलं की पुन्हा भरायची. ही पायरी लोक आळसाने गाळतात आणि मग गरम टायर महामार्गावर फुटतो.

हवेबद्दल एक गंमत सांगतो. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे नाशिकला ३३ भरलेला टायर साडेचार हजार मीटरवर मीटरला पाचेक पीएसआय जास्त दाखवतो. पण तीस अंशांवरून शून्यावर आलात तर थंडीमुळे तेवढाच दाब कमीही होतो. म्हणून पहाटे मीटरवर आकडा जवळपास तोच दिसतो आणि दुपारी उन्हात तो चाळीसकडे जातो. लोक घाबरून दुपारी हवा सोडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टायर बसलेला असतो. हवा नेहमी सकाळी, गाडी हलवण्याआधी बघायची.

दुसरा खर्च चेंबर गार्डवर. जाड पत्र्याचा, नीट बोल्ट केलेला, ऑइल बदलायला भोक असलेला. यात काटकसर नको. तुमच्या गाडीची जमिनीपासूनची उंची पुरेशी आहे, भरलेल्या गाडीत ती कमी होते एवढंच, म्हणून सामान कमी. त्यावर जे वाचेल ते नेहमीच्या दुरुस्तीवर घाला: क्लच किती उरलाय ते तपासणं, आणि निम्म्याहून जास्त झिजला असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलणं. ब्रेक पॅड, मागचे लायनर आणि ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, दोन वर्षांहून जुनं असेल तर लांब उतारावर ते उकळून पेडल पोकळ होतं, म्हणून ते बदलाच. कूलंट, रेडिएटरचं झाकण, होज आणि बेल्ट. उंचीवर पाणी पंचाऐंशी अंशांच्या आसपास उकळायला लागतं, त्यामुळे झाकणाने दाब धरला नाही तर साधी चढणही गाडी तापवते. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लिंक रॉड, सगळे बुश आणि शॉकअप हलवून बघायचे. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर नवी.

हे सगळं निघण्याच्या आदल्या आठवड्यात करू नका, महिनाभर आधी करा. मग हजारेक किलोमीटर गाडी फिरवा, एखादा कसारा घाट भरल्या गाडीने चढून-उतरून या. नव्या भागाची खोट किंवा बसवणाऱ्याची चूक पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दिसते. ती इगतपुरीला दिसावी, बातलला नको. चंदीगडला पोचल्यावर चाकांचे नट आणि चेंबर गार्डचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने बघा.

ज्यांची गाडी बीएस सहा (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल आहे त्यांच्यासाठी जाता जाता: धुराड्यातला फिल्टर साफ व्हायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. काझाकडे दिवसचे दिवस ती वीसच्या वेगाने चालते. दिवा लागला तर दुर्लक्ष करू नका. तुमच्या २०१८ च्या गाडीला ही कटकट नाही, आणि डोंगरासाठी ते बरंच आहे.

डिझेलच्या कॅनबद्दल हिशेबच मांडतो. किन्नौरमध्ये पोवारीला शेवटचा पंप, तिथून काझा दोनशे किलोमीटरच्या आसपास, काझात पंप आहे. काझाहून पुढचा पंप तांदीला, सुमारे १८० किलोमीटर. गाडी महामार्गावर तेरा-चौदा देत असेल तर या भागात आठ धरा. चंद्रतालचं जाणं-येणं मिळवलं तरी पंचवीस-तीस लिटर. तुमची टाकी साठ लिटरची. काझात भरून निघालात तर कॅनची गरजच नाही. काझाच्या पंपावर कधी तुटवडा असतो, म्हणून तिथे पोचताना टाकीत निम्मं असावं, एवढीच काळजी.

पाणी ही मात्र खरी परीक्षा आहे आणि तिथे वेळेला महत्त्व आहे. ओढ्यांत येतं ते हिमनद्यांचं वितळलेलं पाणी. रात्री थंडीने वितळणं थांबतं, पहाटे पाणी सर्वांत कमी असतं, ऊन चढलं की वाढत जातं आणि दुपारी दोन-तीननंतर तोच ओढा दुप्पट होतो. म्हणून चंद्रतालहून पहाटे साडेपाचला निघा आणि छत्रूच्या अलीकडचे सगळे ओढे नऊ-साडेनऊच्या आत पार करा. काझाहून एका दमात मनाली गाठणारे नेमके दुपारी तिथे पोचतात. चंद्रतालचा मुक्काम मी सरोवरासाठी कमी आणि या वेळेसाठी जास्त ठेवतो.

ओढ्याशी आलात की आधी थांबा. एखादी बस किंवा टॅक्सी जाऊ द्या, तिची चाकं कुठून गेली आणि पाणी कुठपर्यंत आलं ते बघा. पाणी गढूळ असेल तर तळाचा दगड दिसत नाही, मग घाई आणखी कमी. पहिला गिअर, एकसारखा वेग, मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, एसी बंद. मुलगी आणि पत्नी आधीच पायवाटेने किंवा दुसऱ्या मोठ्या गाडीतून पलीकडे. पाणी गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तर थांबायचं, दुसऱ्या दिवशी पहाटे जायचं. स्नॉर्कल लागावा एवढ्या पाण्यात तुम्ही शिरायचंच नाहीये, म्हणून तोही नको. पाण्यात इंजिन बंद पडलं आणि हवेच्या पाइपातून पाणी गेल्याची शंका असेल तर पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतली नसेल तर विमा त्याचे पैसे देत नाही. ही जोड स्वस्त आहे, घ्या.

सोबतचं सामान फार लागत नाही. एक बेल्ट, डिझेल फिल्टर, दोन लिटर इंजिन ऑइल, कूलंट, फ्यूज, चेंबरची चीर तात्पुरती बुजवायला एम-सील, बारीक तार, छोटं फावडं, जॅकखाली ठेवायला लाकडी फळी आणि ओढायचा पट्टा. पट्टा गाडीच्या चॅसीवरच्या हुकलाच लावायचा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीच नाही, तो तुटून उडाला तर काच फोडून आत येतो. आणि ओढताना सगळ्यांनी लांब उभं राहायचं, व्हिडिओ काढणाऱ्यांनीसुद्धा.

परदेशी लोकांचे सल्ले वाचून काही जण उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मागवतात. आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे आणि त्यावरून प्रवाशांना अटकही झाली आहे. लोसर सोडल्यावर बराच वेळ रेंज नसते हे धरून चाला. लोसरच्या चौकीवर नोंद करा, घरी सांगून ठेवा की अमुक दिवशी संध्याकाळपर्यंत फोन येईल, आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा. त्यावर दाखवलेली वेळ मात्र मानू नका. बातल ते ग्रामफूला लागणारा वेळ काझाच्या टॅक्सीवाल्याला विचारा, तो काल तिथून आलेला असतो. त्या रस्त्याचं रुंदीकरण चालू असल्याने दर वर्षी, कधी दर आठवड्याला तो वेगळा असतो. मी इथे लिहिलेलंही तुम्ही जाईपर्यंत थोडं बदललेलं असेल.

आणि कच्च्या रस्त्यांची आवड म्हणून मळलेली वाट सोडून नदीच्या पात्रात किंवा कुरणात गाडी घालू नका. २०२३ च्या डिसेंबरात लाहौलमध्ये चंद्रा नदीतून थार नेणाऱ्याला पोलिसांनी दंड केला, ते बरंच झालं. तिथे वर्षभरात मोसम तीन-चार महिन्यांचा, चाकाखाली गेलेलं गवत परत यायला वर्षं लागतात.

सध्या एवढं करा. पाचही टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, ते बघा. २३२१ असेल तर तो २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. पाच वर्षांच्या पुढचे असतील तर नक्षी कितीही उरलेली असो, बदला. ते आकडे, क्लच कधी बदलला होता, आणि पत्नी महामार्गावर गाडी चालवतात का, एवढं कळवलंत तर खर्चाचा अंदाज आणि रोजची अंतरं मांडून देतो.